लेखिका : एक अनुभवी परिचारिका

९ जानेवारी, मंगळवार

आजपासून माझं टेबल बदललं. एकतीस वर्षं देवघेवीच्या खिडकीत बसलो. आता तिथे यंत्र आलंय. वाचक पुस्तक त्याच्याखाली धरतो, यंत्र 'टिंग' म्हणतं, काम झालं. उशिरा पुस्तक आणणाऱ्याला यंत्र काही बोलत नाही, त्यामुळे लोक खूश आहेत.

ग्रंथपाल मॅडमनी मला वरच्या मजल्यावर बोलावलं. म्हणाल्या, "तुम्हाला माणसं माहीत आहेत, आणि तुम्ही चिकट आहात." चिवट म्हणायचं असावं.

काम असं आहे. जुनी पुस्तकं स्कॅन करून लोकांना घरबसल्या वाचायला द्यायची. पण पुस्तक आपल्या कपाटात आहे म्हणजे त्याचा कॉपीराइट आपला नाही. लेखक जाऊन साठ वर्षं झाली असतील तर पुस्तक मोकळं. नसतील तर वारस शोधायचे आणि सही आणायची. लेखकाने नावच दिलं नसेल तर पुस्तक छापल्यापासून साठ वर्षं मोजायची. पण तेवढ्यात तो लेखक कोण हे उघड झालं, तर पुन्हा त्याच्या मृत्यूनंतरची साठ. यादीत चारशे बारा पुस्तकं आहेत आणि रकाने तीन : मोकळं, बांधलेलं, माहीत नाही. थोडक्यात, दिवसभर लोकांच्या मृत्यूच्या तारखा गोळा करायच्या. हिला सांगितलं तर म्हणाली, "घरी येताना हातपाय धुऊन येत जा."

घरी सध्या गडबड आहे. लेक सहा आठवड्यांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली आहे. जावई जहाजावर आहेत, एप्रिलपर्यंत येत नाहीत. बाळाच्या नावावर एकमत नाही, म्हणून सगळे 'पिल्लू' म्हणतात. पिल्लू रोज संध्याकाळी साडेसहाला रडायला लागतं ते आठ वाजेपर्यंत. मी सातला घरी पोचतो. म्हणजे बरोबर मध्यंतरात.

१२ जानेवारी, शुक्रवार

यादीतलं सत्त्याऐंशी नंबरचं पुस्तक : 'बाळाची शिस्त – पहिले वर्ष'. नावाच्या जागी फक्त 'लेखिका : एक अनुभवी परिचारिका'. सत्तावन्न वर्षांपूर्वी छापलेलं, म्हणजे पुस्तक माझ्याच वयाचं. आत चौदा फोटो. मागे तारखांच्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या, आठ तरी असतील. इतकं फिरलेलं पुस्तक आमच्याकडे दुसरं नसेल.

मॅडम म्हणाल्या, "निनावी आहे ना? मग 'माहीत नाही'त टाका. तीन वर्षांत आपोआप मोकळं होईल."

टाकणार होतो. पण नियम असा आहे की 'माहीत नाही' लिहिण्याआधी मनापासून शोध घ्यायचा. आणि नुसतं निनावी नाही, 'अनुभवी' असं स्वतःच म्हणवून घेतलंय. अशा बाईला न भेटता कसं सोडायचं?

शिवाय फोटो कुणाचे, हे वेगळं पाहावं लागतं. मजकूर एकाचा, फोटो दुसऱ्याचे, हक्कही दोन. ते तपासायला पुस्तक घरी आणलं आणि वाचतच बसलो. काय स्वच्छ भाषा आहे! पान तेवीस : 'रडणाऱ्या बाळाला लगेच उचलू नये. घड्याळ लावून वीस मिनिटे थांबावे. तोवर आईने आपली कामे उरकून घ्यावीत. उचलले की बाळ घरावर राज्य करू लागते.'

जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. लेक ताट उचलून आत गेली. ही म्हणाली, "पुस्तकातलं बाळ कितीही वेळ रडू दे, शेजारचे येऊन विचारत नाहीत."

मी म्हटलं, "माझ्या आईनेही हेच केलं असणार. मी काय वाईट निघालो?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. विषय तिथेच संपला.

१४ जानेवारी, रविवार

पुस्तकाबरहुकूम वेळापत्रक केलं, चार रंगांत. फ्रीजच्या दारावर लावलं. लेकीला सांगितलं, उद्यापासून अंमलबजावणी. "बरं बाबा," म्हणाली. किती समजूतदार आहे.

१८ जानेवारी, गुरुवार

वेळापत्रक लागू पडलं! सोमवारपासून मी सातला घरी येतो तेव्हा घर शांत आणि पिल्लू गाढ झोपलेलं. लेकीचा चेहराही उजळलाय. हिच्या खांद्यावर रोज दुधाचा ओला डाग असतो. विचारलं तर म्हणाली, भांडी घासताना उडतं. इतक्या वर्षांत कधी उडालं नव्हतं.

ऑफिसातली प्रगती : प्रकाशक बंद पडलाय, पण शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव होतं. त्या जागी आता औषधांचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर छापखानेवाल्यांची सून राहते. तिला पुस्तक दाखवताच म्हणाली, "अहो, ही तर सिस्टर! पांढऱ्या गणवेशातच प्रुफं तपासायला यायच्या. उभ्याउभ्या. बसा म्हटलं तर म्हणायच्या, ड्यूटीवर आहे." कुठल्या प्रसूतिगृहात होत्या तेही तिला आठवत होतं.

प्रसूतिगृहातल्या क्लार्कने आधी नाही म्हटलं. मग मीही क्लार्क आहे असं सांगितल्यावर जुनं रजिस्टर काढलं. पत्ता मिळाला. आता वारस तिथे असले म्हणजे झालं.

२३ जानेवारी, मंगळवार

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो.

दुसरा मजला, पांढरं दार, घंटेखाली वर्तमानपत्र ठेवायची पिशवी. दार एका काठी घेतलेल्या आजींनी उघडलं. केस पांढरेशुभ्र, पदर पिनेने पक्का. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार, ग्रंथालयातून आलोय. या घरात एक परिचारिका राहत होत्या. त्या कधी वारल्या, तेवढी तारीख हवी होती."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अजून नाही वारले," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढा. आत या."

सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. स्मरण खणखणीत. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "लवकर आलात, एवढंच."

पुस्तक पिशवीतून काढलं आणि त्यांचा चेहरा बदलला. हात लावला नाही. मी कॉपीराइट, स्कॅनिंग, घरबसल्या वाचन सगळं समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलल्या, "सही मिळणार नाही."

"का हो सिस्टर? लोक अजून मागतात."

"म्हणूनच." काठी जमिनीवर टेकवली. "मी तिशीतली होते. परदेशातली दोन पुस्तकं वाचली होती आणि प्रसूतिगृहात चाळीस पाळणे सांभाळत होते. चाळीस रडायला लागले की वीस मिनिटं कुणाला तरी थांबावंच लागतं. त्याचं मी शास्त्र केलं. घरात एकच पाळणा असतो, हे डोक्यात आलं नाही. आता ते पुस्तक मेलेलंच बरं."

तेवढ्यात त्यांची मुलगी पाणी घेऊन आली. गणिताच्या शिक्षिका, आता निवृत्त. बहुधा माझ्याच वयाच्या. ट्रे ठेवून शांतपणे म्हणाल्या, "चौदाच्या चौदा फोटोंत मीच आहे. पान तेवीसवर रडतेय ती मीच." आणि आत गेल्या.

सिस्टर खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या कपाटातली प्रतही काढून टाका."

मला स्पष्ट सांगावं लागलं, "तो हक्क तुम्हाला नाही, सिस्टर. विकत घेतलेली प्रत आमची. नवी प्रत करायची की नाही, एवढंच तुमच्या हातात."

"मग करायची नाही," त्या म्हणाल्या.

एक मात्र मानलं पाहिजे. काय शिस्तीचं घर! मायलेकी एकाच घरात राहतात, पण मुलगी आईच्या खोलीत जाताना दार वाजवते. "आत येऊ का?" विचारते. आवाज चढवणं नाही, एकमेकींच्या बोलण्यात बोलणं नाही. दोघींचे कप वेगळे, वर्तमानपत्रही दोन. आमच्या घरी दोन बायका एकाच वेळी बोलतात आणि तिसरी पाळण्यातून. हिला सगळं कौतुकाने सांगितलं. ही एवढंच म्हणाली, "बिचाऱ्या."

मला काही कळलं नाही.

२४ जानेवारी, बुधवार

मॅडमनी कपाळावर हात मारला. "तुम्ही शोधलंच नसतं तर तीन वर्षांत मोकळं झालं असतं. आता बाई सापडल्या. त्यांना उदंड आयुष्य लाभो, पण त्यापुढे साठ वर्षं! आपल्यापैकी कोणी असेल का बघायला?"

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रजिस्टरमध्ये अजून काही लिहिलं नाहीत ना?"

नाही लिहिलं. पेन्सिलीने 'माहीत नाही' लिहायला दोन सेकंद लागतील. बाईंना त्रास नाही, मॅडमना बरं, तीन वर्षांनी पुस्तक लोकांना मिळेल आणि मी त्याआधीच निवृत्त झालेला असेन. दुपारभर त्या रकान्याकडे पाहत बसलो. पण मला माहीत आहे ना. त्यांच्या घरचं पाणी प्यालो मी. आणि तीन वर्षांनी त्या असल्या, आणि कुणीतरी त्यांना फोनवर त्यांचंच पुस्तक उघडून दाखवलं तर?

'बांधलेलं' असं शाईने लिहिलं. मॅडमनी पाहिलं. चहा मात्र माझ्यासाठीही मागवला.

घरी वेळापत्रक उत्तम चालू आहे. पुस्तकात एवढी ताकद असताना लेखिकेलाच त्याची लाज वाटावी, याचं नवल वाटतं.

२९ जानेवारी, सोमवार

फोटोंचा रकाना रिकामा होता. मजकूर बांधलेला असला तरी काम अर्धवट सोडायची मला सवय नाही, म्हणून स्टुडिओ शोधून काढला. फोटोग्राफर गेले, त्यांचा मुलगा त्याच जागेत पासपोर्टचे फोटो काढतो. हसरा माणूस आहे, पण गिऱ्हाइकाला मात्र 'हसू नका' असंच दिवसभर सांगावं लागतं.

वडिलांनी एकही निगेटिव्ह फेकलेली नाही. पत्र्याच्या डब्यांवर वर्ष, महिना, विषय. 'बाळ, परिचारिका' असा डबा पाच मिनिटांत निघाला. त्यात एक मोठा कागद होता, त्यावर छत्तीस छोटे फोटो ओळीने. छापायला निवडलेल्या चौदांभोवती लाल पेन्सिलीचा चौकोन. वारस म्हणून मुलाने लगेच सही दिली. "वडिलांचं काम कोणीतरी बघेल, याहून काय हवं?"

मी भिंगातून एकेक फोटो पुस्तकाशी ताडून पाहिला. चौदा जुळले. शेवटच्या ओळीत लाल चौकोन नसलेला एक होता. पांढऱ्या गणवेशातली तरुण परिचारिका जमिनीवर बसलेली, पाय पोटाशी घेतलेले. मागे बंद दार. गाल दाराला लावलेला आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलेलं. तोंड असं, की मी भिंग बाजूला केलं.

मुलगा म्हणाला, "हां, तो. रडणाऱ्या बाळाचा फोटो हवा होता, म्हणून वडील दिवसभर त्यांच्या घरीच थांबले होते. आतला फोटो काढून बाहेर आले, दार लावलं आणि मागे वळून पाहतात तर ही बाई त्याच दाराला टेकलेली. वडील नेहमी सांगायचे, मी त्या दिवशी दोघींचं रडणं टिपलं, छापलं एकीचंच."

हा फोटो पुस्तकात नाही. म्हणजे तो माझ्या कामाचा नाही. तरी त्याची मोठी प्रत मागितली. का, ते मलाही धड सांगता येत नाही. त्याने लगेच करून दिली, वर पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून दिली.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पाकीट चार दिवस टेबलाच्या खणात आहे. लोकांच्या घरात तोंड खुपसायचा हक्क मला कोणी दिला? माझं काम सह्या आणायचं. फोटो दिला आणि सिस्टरना धक्का बसला तर? नाही दिला तर त्यांच्या मालकीचं काहीतरी माझ्या खणात पडून आहे असं वाटत राहतं. कायद्याने तो फोटो त्यांचा नाही, स्टुडिओवाल्याचा आहे. पण चेहरा त्यांचा आहे.

हिला विचारलं. ही पिल्लाचे कपडे घडी घालत होती. म्हणाली, "आईला नका देऊ. मुलीला द्या."

"मुलगी तर पाळण्यात होती. तिला काय आठवणार?"

"म्हणूनच तिला द्या," ही म्हणाली.

६ फेब्रुवारी, मंगळवार

शिक्षिकाबाईंनीच दार उघडलं. सिस्टर डोळे तपासायला गेल्या होत्या, शेजारच्यांबरोबर. बरंच झालं. पाकीट दिलं आणि जायला वळलो. त्या म्हणाल्या, "थांबा. बसा."

गणिताच्या पेपरावरून नजर फिरवावी तसा त्यांनी तो फोटो पाहिला. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात, मग एकेक ओळ. शेवटी म्हणाल्या, "हे आमच्या जुन्या घराचं दार. कडी बाहेरून होती." फोटोतल्या गणवेशावर बोट ठेवलं. मग, "ही बसली होती?"

मी म्हटलं, "स्टुडिओवाले तसं सांगतात. आत तुम्ही होता."

"मी पाचवीत होते तेव्हा ते पुस्तक तुमच्याच ग्रंथालयात वाचलं. उभी राहून, कपाटाच्या आड. पान तेवीस पाठ आहे मला. 'तोवर आईने आपली कामे उरकून घ्यावीत.'" त्या किंचित हसल्या. "मी धरूनच चालले की ही कामं उरकत होती. सेहेचाळीस वर्षं तेच धरून चालले. गणितात असं करणाऱ्या मुलांचे मी गुण कापत आले."

मी रिकामं पाकीट त्यांच्याकडे सरकवलं. म्हटलं, "प्रत तुमच्याकडेच ठेवा."

"आईला दाखवू?"

"ते मी कसं सांगू? माझ्याकडे तर साधी परवानगीसुद्धा नाही."

दारापर्यंत सोडायला आल्या. जिना अर्धा उतरलो तरी दार लागल्याचा आवाज आला नव्हता.

११ फेब्रुवारी, रविवार

दर सुटीला ही मला सहाला कुठल्या ना कुठल्या कामाला बाहेर पिटाळते; आज ते राहिलं, म्हणून साडेसहाला घरीच होतो. पिल्लू वेळेवर रडायला लागलं. मी उत्साहाने घड्याळ काढलं. "चला, बघू तुमची अंमलबजावणी." लेक सोफ्यावर ताठ बसली. ही उगाच पुसलेलं टेबल परत पुसू लागली.

पहिलं मिनिट ठीक गेलं. दुसऱ्या मिनिटाला आवाज चढला. तिसऱ्याला मध्येच श्वास अडकल्यासारखं झालं. मी उठून खोलीपर्यंत गेलो, नुसतं बघायला. दार लोटलेलं होतं. आत जायचं नाही असं पुस्तक म्हणतं. मी हातात घड्याळ धरून दाराबाहेर उभा. आणि मला स्टुडिओतला तो फोटो आठवला.

मागून ही म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. आम्ही पहिल्या दिवसापासून उचलतोय."

"म्हणजे?"

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही कोपऱ्यावर दिसलात की आम्ही तिला खाली ठेवतो. आई खिडकीत उभी राहते पाळत ठेवायला."

म्हणजे चार आठवडे मी ज्या पुस्तकाचे गोडवे गात होतो, ते आमच्या घरात एक दिवसही पाळलं गेलं नव्हतं. आणि ते दुधाचे डाग! राग आलाच. पण आत ती रडत होती आणि राग धरायला तेवढी सवड नव्हती. दार ढकललं आणि तिला उचललं. "मान! मान सांभाळा!" दोघी एकदम ओरडल्या. मान सांभाळली. तिने माझा सदरा मुठीत धरला, दोन हुंदके दिले आणि माझ्या बटणाकडे असं पाहू लागली, जणू हे जगात कोणीच तिला दाखवलं नव्हतं.

माझ्या लेकीला मी लहानपणी किती वेळा उचललं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. हिला विचारायचा धीर झाला नाही.

वेळापत्रक काढून टाकायला गेलो तर ही म्हणाली, "राहू द्या, रंग छान आहेत."

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सिस्टरचा फोन ऑफिसात आला. मॅडमनी घेतला आणि माझ्याकडे दिला, डोळे मोठे करून.

"सही देते," त्या म्हणाल्या. "पण पुस्तकाच्या आधी माझं एक पान लागेल. ते पान आधी दिसायला हवं. ते वाचल्याशिवाय कुणाला आत जाता येता कामा नये."

विचारलं, असं अचानक कसं?

"मुलीने एक फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवलाय. नऊ दिवस झाले. ती त्याबद्दल बोलत नाही. मीही बोलत नाही. आम्ही त्याच्या बाजूने ताटं मांडतो." मग त्यांच्या ड्यूटीच्या आवाजात, "तुम्हीच आणलात ना?"

"हो, सिस्टर."

"हं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मॅडमशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, स्कॅन जशीच्या तशी असली पाहिजे, नवं पान घुसवता येत नाही. हेही बरोबरच आहे. उद्या कोणीही उठेल आणि जुन्या पुस्तकात पानं घालेल. मी म्हटलं, घालायचं नाहीच. पान वेगळं, त्याची नोंद वेगळी, तारीख आजची. फक्त पुस्तक उघडायला गेलं की आधी ते समोर येईल. स्कॅनिंग करणाऱ्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "होईल की, दहा मिनिटांचं काम." मॅडम हसल्या. "चिकट म्हटलं ते उगाच नाही."

मी तेव्हा स्पष्टच सांगून टाकलं, "चिवट, मॅडम."

२० फेब्रुवारी, मंगळवार

फॉर्म घेऊन अकराला गेलो. फोटो खरंच टेबलाच्या मधोमध होता, मिठाच्या बरणीला टेकवलेला. सिस्टर टेबलाच्या एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला. सिस्टरचा हात थरथरतो, म्हणून त्या सांगणार आणि मुलगी लिहिणार असं ठरलं होतं. मी मध्ये, खुर्चीच्या कडेवर.

आधी फॉर्म. 'लेखकाचे नाव' या रकान्यापाशी मी थांबलो. म्हटलं, "हवं असेल तर पूर्वीसारखं निनावी ठेवता येईल."

"नको," त्या म्हणाल्या. "त्या वेळी अनुभव नव्हता. आता आहे. नाव घाला." आणि पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मी मोठ्या अक्षरात लिहिलं. सही त्यांनी स्वतः केली. वेळ लागला, पण केली.

मग मुलीने कोरा कागद घेतला, डावीकडे पट्टीने समास आखला. सिस्टर ताठ बसल्या आणि सांगू लागल्या.

"हे पुस्तक मी लिहिले. यातील आंघोळ, स्वच्छता आणि तापाची प्रकरणे आजही उपयोगी पडतील. रडण्याचे प्रकरण चुकीचे आहे. बाळ रडले की त्याला उचला." थांबल्या. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"पुढे लिही. हे मला तेव्हाच कळले होते, पण पुस्तक छापायला गेले होते आणि मला वाटले, छापलेले तेच खरे असणार." पेनचा आवाज येत राहिला. "लिहिलंस?"

"हो."

"पुढे. माझ्या मुलीला मी…"

पेन थांबलं. मुलीने टोपण लावलं आणि ते कागदावर आडवं ठेवलं.

"हे मी लिहिणार नाही, आई," त्या म्हणाल्या. "हे पुस्तकाला नको सांगूस. मला सांग."

मी उठलो. खुर्ची जरा जोरात सरकली. "पाणी पिऊन येतो," म्हटलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तो सोडूनच ठेवला, म्हणजे मला काही ऐकू येऊ नये. कट्ट्यावर दोन कप उपडे घातले होते, एक निळा, एक पांढरा. मी नुसता त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. सिस्टर काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. हा रकाना माझा नाही.

मग शिक्षिकाबाई आत आल्या. डोळे लाल, नाकही लाल. मागून हॉलमधून सिस्टरचा आवाज आला, चढलेला, एकदम घरातल्या माणसासारखा, "अगं, त्यांचा नळ बंद कर! टाकी रिकामी करतील!"

"करते गं!" त्यांनी तितक्याच मोठ्याने ओरडून सांगितलं. नळ बंद केला, चहाचं आधण ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "साखर किती घेता?"

"दोन चमचे," मी म्हटलं. खरं तर मला साखर बंद आहे.